खंड्याची पालखी

शाहूमहाराजांच्या कुत्र्याला पालखी होती, हे आजीने मला प्रथम सांगितले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि त्या दिवशी कोणत्याही गोष्टीने माझे समाधान होण्यासारखे नव्हते. साल १९६१. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. परसातल्या रामफळाच्या झाडाखाली आप्पांनी सकाळीच कुदळीने खड्डा खणला होता आणि मोत्याला एका जुन्या धोतरात गुंडाळून आत ठेवले होते. वर मीठ घातले, माती ओढली, मांजरांनी उकरू नये म्हणून धुण्याचा एक मोडका दगड ठेवला आणि ते हातपाय धुऊन शाळेत शिकवायला निघून गेले. मी मागच्या पायरीवर बसून होतो. आजी शेजारी येऊन बसली आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "साताऱ्याच्या महाराजांनी खंड्याला पालखी दिली होती. भोई होते तिला. माहुलीला त्याचं थडगं आहे. एकदा तुला नेऊन दाखवीन."

तिने काही मला नेले नाही. कोर्टकचेरी किंवा लग्नकार्य असल्याशिवाय आमच्या घरातून साताऱ्यास जाण्याची रीत नव्हती. पुढे कॉलेजात इतिहास हा विषय घेतल्यावर मीच एका सुट्टीत सायकलीवरून माहुली गाठली. मोत्या कसा गेला ते योग्य वेळी सांगेन. ते सांगायला मला साठांहून अधिक वर्षे लागली आहेत, तेव्हा वाचकांनी आणखी चार-पाच पाने धीर धरावा.

माहुली साताऱ्याच्या पूर्वेला, दीड-दोन कोसांवर. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा आणि तिच्याच शेजारून आलेली वेण्णा इथे एकमेकींना भेटतात, म्हणून हे क्षेत्र. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. एका काठाला क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठाला संगम माहुली, दोहींकडे काळ्या दगडाची भरभक्कम देवळे, रुंद घाट आणि साताऱ्याच्या राजघराण्यातल्या मंडळींच्या समाध्या. शाहूमहाराजांची समाधी अगदी नदीच्या लगत आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की ती पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की गाळ अंगावर घेऊन पुन्हा वर येते. त्याच परिसरात एका चौथऱ्यावर दगडात घडवलेला एक कुत्रा आहे. दोन-अडीचशे पावसाळे सोसून त्याची घडण पार झिजली आहे. तोंडाचा नेमका आकार सांगता येत नाही, पण कुत्रा म्हणून तो पाहताक्षणी ओळखू येतो. मी गेलो त्या दिवशी त्याच्या पाठीवर कोणीतरी धुतलेला पंचा वाळत घातला होता. मला आधी राग आला. नंतर वाटले, खंड्याची हरकत असण्याचे कारण नाही.

आजीची गोष्ट खरी होती काय? पालखीबद्दलचा पुरावा मला ज्या ठिकाणी मिळाला ते ठिकाण मोठे गमतीचे आहे. मराठ्यांचा पहिला विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर चार वर्षे साताऱ्यास एजंट होता. प्रतापसिंह छत्रपतींच्या दरबारातले कागद, बखरी, सनदा त्याला पाहायला मिळाल्या आणि १८२६ साली त्याचा ग्रंथ तीन खंडांत बाहेर पडला. त्यात शाहूंच्या अखेरच्या वर्षांसंबंधी लिहिताना तो एक टीप देतो. महाराजांचे चित्त काही काळ ठिकाणावर नव्हते, आणि त्या अवस्थेत दोन मराठे सरदारांना भर दरबारात भेटण्याचा प्रसंग आला. तेव्हा त्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे वस्त्र पांघरले, जडजवाहीर घातले आणि स्वतःच्या डोक्यावरचे पागोटे काढून त्याच्या डोक्यावर ठेवले. पुढे चित्त ताळ्यावर आल्यावरही महाराजांनी आपल्या डोक्यावर पुन्हा काही घातले नाही. या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत एकदा त्यांचा जीव वाचवला होता. त्याला जहागीर दिल्याच्या आणि पालखीचा मान दिल्याच्या सनदा निघाल्या होत्या, आणि महाराजांचे मन राखण्यासाठी पालखीचा सगळा सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला होता.

म्हणजे भोई होते. आजीने एक अक्षरही पदरचे घातले नव्हते.

डफसाहेबाने हे सारे एका लहरी राजाचे चाळे म्हणून नोंदवले आहे. त्याच्याशी भांडण्याचे मला कारण नाही. परक्या माणसाने टीप लिहून ठेवली हेच उपकार समजायचे. पण शाहूंचे चरित्र ज्याने थोडेफार वाचले आहे त्याला ती टीप निराळी लागते. १६८९ साली रायगड पडला तेव्हा हे मूल सात वर्षांचे होते. बापाची हत्या होऊन वर्षही झाले नव्हते. त्यानंतर अठरा वर्षे औरंगजेबाच्या छावणीत, आज या मुक्कामी तर उद्या त्या, नजरकैदेत गेली. १७०७ साली सुटका झाली तेव्हा ते पंचविशीत आले होते, आणि स्वराज्यात पाऊल ठेवताच पहिली लढाई स्वतःच्या चुलतीच्या फौजेशी करावी लागली. पुढे मराठ्यांची निशाणे नर्मदा ओलांडून गेली, ती पेशव्यांनी आणि सरदारांनी नेली. महाराज साताऱ्यात राहिले. शिकार, पक्षी, बागा आणि चांगली कुत्री यांचा त्यांना फार शौक. उतारवयात गादीला वारस नाही, राण्यांचे हेवेदावे, दत्तकाची भांडणे, आणि प्रत्येकाच्या ओठांवर एक तर पोटात दुसरे. अशा दरबारात ज्याला काही मागायचे नव्हते असा एकच जीव त्यांच्या ओळखीचा असावा, त्याच्या डोक्यावर त्यांनी पागोटे ठेवले. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले. ज्या वेडाला डफ हसला, त्या वेडात मला थोडे शहाणपणही दिसते. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

आता मोत्याविषयी. मोत्याला पालखी नव्हती, पितळेचा बिल्ला होता. आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा कुत्रे पाळायचे तर नगरपालिकेत पैसे भरून बिल्ला घ्यावा लागे. रुपयाएवढी गोल चकती, मध्ये क्रमांक, खाली साल. तो गळ्यातल्या पट्ट्याला अडकवायचा. ज्याच्या गळ्यात बिल्ला तो घरचा. ज्याच्या गळ्यात नाही तो बेवारशी, आणि बेवारशी कुत्र्यांसाठी वर्षातून दोनदा विषाचे गोळे घेऊन माणसे गल्लीबोळांतून फिरत. मोत्या बाजारातून आप्पांच्या मागे मागे आलेला, पांढरा, एका कानावर तपकिरी ठिपका असलेला गावठी कुत्रा. सायकलीची घंटा ऐकून तो आप्पा कोणत्या वळणावर आहेत ते ओळखत असे. पाहुणे आले की भुंकत नसे, निघाले की भुंके. आजीचे म्हणणे, त्याला माणसांची पारख आमच्यापेक्षा बरी होती.

बिल्ल्याची ही पद्धत आली कोठून, हे शोधू लागलो तेव्हा मुंबईच्या एका दंग्यापाशी जाऊन पोहोचलो. मुंबईतली पहिली मोठी दंगल धर्मावरून झाली नाही की धान्यावरून झाली नाही. ती कुत्र्यांवरून झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. कंपनी सरकारच्या अमलात उन्हाळ्याच्या दिवसांत मुंबईतली मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवली. इनाम म्हटले की मोकाट आणि पाळीव हा भेद कोण पाहतो? लोकांच्या दारातली, अंगणातली, गळ्यात पट्टा असलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला फार मान आहे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पडल्याशिवाय त्यांचा अंत्यविधी पुरा होत नसे. त्या विधीला ते सगदीद म्हणतात. त्यात तो दिवस त्यांच्या पवित्र दिवसांपैकी होता. ६ जून १८३२ रोजी कोटात जमाव जमला आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांना बेदम चोप मिळाला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. पारशांच्या बरोबर हिंदू आणि जैनही होते. किल्ल्यातल्या गोऱ्या फौजेला पाव-मटण पोहोचेना, तेव्हा लष्कर बाहेर काढावे लागले, धरपकड झाली, खटले झाले, काहींना शिक्षाही झाल्या. परंतु त्यानंतर कुत्री सरसकट मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा विचार सरकारला करावा लागला.

पकडलेल्यांपैकी कोणाचा कोणता कुत्रा गेला होता, त्याचे नाव काय होते, त्याची नोंद कोणीही केली नाही. खटल्याच्या कागदांत माणसांची नावे असतात.

कुत्र्याचे नाव कागदावर, म्हणजे दगडावर, यावे असे नशीब फार थोड्यांचे. त्यातले सर्वांत थोर नशीब काळीचे. ही काळी म्हणजे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या पदरची शिकारी कुत्री. ज्या घराण्यातल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास लेणे खोदवले, त्याच घराण्यातला हा मान्यखेटचा राजा. इसवी सन ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या रणात त्याने चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य तिथे पडला आणि त्याला पाडणारा वीर होता गंगवंशीय बूतुग. या बूतुगाचा एक सेवक मणलेर. त्याचे शौर्य पाहून सम्राट प्रसन्न झाला आणि म्हणाला, हवे ते माग. अशा वेळी माणसे गावे मागतात, सोने मागतात. मणलेराने काळी मागितली. तिचा भुंकण्याचा आवाज त्याला आवडला होता असे दिसते.

सम्राटाने ती दिली. पुढे एका टेकडीजवळ एका प्रचंड रानडुकरावर मणलेराने काळीला सोडले. दोघे असे झुंजले की दोघेही जागीच मेले. मणलेराने आतकूर गावी, चल्लेश्वराच्या देवळासमोर, काळीचा वीरगळ उभारला. त्यावर डुक्कर आणि कुत्री झुंजताना कोरली आहेत. नुसता दगड उभारून तो थांबला नाही, त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या गुरवाने या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवला तर त्याला पाप लागेल, असेही त्यावर लिहवून ठेवले. हे आतकूर कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आहे. दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

आता यातली मौज पाहा. तक्कोलमची लढाई म्हणजे दक्षिणेच्या इतिहासातली मोठी घटना. बूतुगाने राजादित्याला मारले याचा जो महत्त्वाचा पुरावा इतिहासकार पुढे करतात तो हाच शके ८७२ चा शिलालेख. सम्राट, राजपुत्र, हत्ती, फौजा यांची हकीकत आपल्यापर्यंत आली ती एका कुत्रीच्या थडग्याच्या दगडावर बसून आली. मणलेराला काळीचे दुःख झाले नसते तर ते प्रकरण थोडे अंधुकच राहिले असते.

मी बंगळूरला एका परिषदेसाठी गेलो होतो, तेव्हा मंडळी दुपारी जेवून बागेत हिंडत असता मी संग्रहालयात जाऊन त्या दगडासमोर उभा राहिलो. कानडी लिपी मला नीट वाचता येत नाही. पण कुत्रीची मान, तिची ताणलेली पाठ आणि डुकराचे अंगावर येणे, हे वाचायला लिपी लागत नाही. हजार वर्षांपूर्वीचा कोणी पाथरवट, त्याला धन्याने सांगितले असेल, अशी होती ती, अशी धरायची. मणलेर बहुधा शेजारी उभा राहून दुरुस्त्या सांगत असावा.

आपल्याकडे कुत्र्याला मान नाही असे म्हणतात, तेही मला पुरतेसे पटत नाही. एखाद्याला कुत्रे म्हणणे ही शिवी खरी. पण महाभारत उघडून पाहा. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या एका पिलाला विनाकारण मारतात. ते रडत आईकडे जाते. आई सरमा सरळ यज्ञमंडपात येऊन विचारते, याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिले नाही, मग मारले का? त्या सगळ्या थोरामोठ्यांत एकालाही उत्तर देता येत नाही. आणि महाप्रस्थानिक पर्वात, द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडल्यावर, धर्मराजाबरोबर उरतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला सोडून रथात बसायला धर्मराज तयार होत नाही. तो कुत्रा साक्षात धर्म होता हे नंतर कळते; धर्मराजाने नकार दिला तेव्हा तो नुसता कुत्राच होता. दत्ताच्या पायांशी चार कुत्री. खंडोबाबरोबर कुत्रा. त्याचे भक्त वाघ्ये तर स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेत, आणि कुत्र्यासारखे भुंकून कोटंब्यातले खात असत. खंड्या हे नाव ऐकले की मला नेहमी जेजुरी आठवते ती त्यामुळे.

रायगडावरचा वाघ्याही मग ओघाने येतोच.

मोत्या गेल्यावर दोन वर्षांनी आमच्याकडे दुसरा कुत्रा आला. आजीने त्याचे नाव वाघ्या ठेवले. रायगडावर महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची गोष्ट तिला पाठ होती आणि ती सांगताना तिचे डोळे भरून येत. मी बी. ए. च्या वर्गात होतो. नवी विद्या अंगात मावत नव्हती. एका रात्री जेवताना मी तिला ऐकवले, "आजी, ती गोष्ट कुठल्याही समकालीन कागदात नाही. रायगडावरचा तो पुतळा १९३६ सालचा आहे. इंदूरच्या होळकर महाराजांनी त्या कामाला देणगी दिली. त्याआधी गडकऱ्यांनी 'राजसंन्यासा'त वाघ्याला मान दिला, म्हणून लोकांच्या तोंडी झाला. १६८० सालच्या हकीकतीत कुत्रा नाही."

यात चुकीचे मी काही सांगितले नव्हते. आजही विचारले तर हेच सांगेन. तो पुतळा २०१२ च्या ऑगस्टमध्ये काही कार्यकर्त्यांनी उखडला आणि थोड्याच दिवसांत परत बसवण्यात आला. २०२५ मध्ये तो हलवण्याची मागणी पुन्हा पुढे आली आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. छत्रपतींच्या समाधीशेजारी काय असावे याचा निर्णय पुराव्याने व्हावा, या मताचा मी आहे. दंतकथेला इतिहासाची जागा देऊ नये. पण त्या रात्री मी जे बोललो ते पुराव्याच्या प्रेमाने बोललो नव्हतो, आजीला गप्प करावे म्हणून बोललो होतो.

आजी गप्प बसली नाही. ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "कागद नसंल. आपल्या मोत्याचा तरी कुठं कागद आहे?" मग थोडे थांबून, माझ्याकडे न बघता, "का आहे? बिल्ला आहे ना तुझ्याकडं."

माझा घास तोंडातच राहिला. आप्पा समोर होते; त्यांना बोलण्याचा रोख कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी न कळल्याचे दाखवले. आजीने त्यानंतर तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

झाले होते ते असे. त्या दिवाळीत आम्ही पोरांनी अंगणात किल्ला केला होता. रायगडच केला होता. माती, विटा, पोती, वर अळीव पेरून हिरवळ. मधोमध महाराजांचे मातीचे चित्र. शेजारच्या मुलांच्या किल्ल्यावर महाराजांच्या मागे आरशाचा तुकडा लावून प्रभा केली होती, आणि आमच्या महाराजांना काहीच नव्हते. मोत्या बाजूला ऊन खात पडला होता. त्याच्या गळ्यातला बिल्ला चकाकत होता. मी तो पट्ट्यावरून काढला, चिंचेने घासला आणि महाराजांच्या मागे मातीत खोचला. फार छान दिसला. चार दिवसांनी परत लावू असे ठरवले होते. भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, शाळा उघडण्याची गडबड सुरू झाली. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा असतो, म्हणून तो तसाच राहिला, आणि महाराजांच्या मागे बिल्लाही.

एका पहाटे विषाचे गोळे टाकणारी माणसे आमच्या गल्लीत येऊन गेली. मोत्या दारापर्यंत आला होता. आप्पा तावातावाने मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर, बिल्ला नव्हता. असता तर आम्ही हाकलून दिलं असतं." घरी येऊन आप्पांनी मला विचारले, "बिल्ला कुठे पडला रे त्याचा?" मी म्हणालो, "मला नाही माहीत." त्या दुपारी मी किल्ल्यावरून बिल्ला काढून कंपासपेटीत लपवला. आजी तेव्हा तुळशीपाशी वाती वळत बसली होती.

बाकीच्या कुत्र्यांचे थोडक्यात सांगतो, कारण सुखाने जगलेल्या कुत्र्याची हकीकत थोडीच असते. वाघ्या बारा वर्षे जगला आणि म्हातारपणाने, आप्पांच्या खुर्चीखाली, झोपेत गेला. त्यानंतर चिंगी. ती आली तेव्हा तळहातावर मावत होती आणि चार महिन्यांत डिस्टेंपरने गेली. तेव्हा आमच्या गावात गुरांचा डॉक्टर होता, कुत्र्यांची लस नव्हती. ताप, मग नाकाडोळ्यांतून पाणी, मग झटके. आईने तिला तीन आठवडे चमच्याने पेज पाजली, रात्री मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बायका म्हणत, वाचायची नाही ती, कशाला जीव आटवता? आई म्हणे, मरेपर्यंत तर आहे ना.

अलीकडे मला आईची आठवण एका भलत्याच वाचनात झाली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणीत दोन माणसांचे सांगाडे सापडले. एक पुरुष, एक स्त्री. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. त्यांच्याबरोबर पुरलेले एक कुत्र्याचे पिलू होते, सुमारे सात महिन्यांचे. २०१८ साली त्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांवरच्या खुणांवरून असे दिसते की त्या पिलाला पाचव्या महिन्याच्या सुमारास डिस्टेंपर झाला होता, दुखणे पुन्हा पुन्हा उलटले होते, आणि तरी ते काही आठवडे जगले. कोणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण काढल्याशिवाय असे पिलू जगत नाही. त्या वेळी त्याचा शिकारीला उपयोग नव्हता, राखणीला नव्हता. शेती नाही, गाव नाही, मडके नाही अशा काळात कोणीतरी ते मांडीवर घेऊन बसले होते. त्या बाईलाही शेजारणींनी काही ना काही म्हटलेच असेल. आपल्याकडे काश्मीरात श्रीनगरजवळ बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर पुरलेली कुत्री उत्खननात निघाली आहेत. माणसाने मेलेल्या कुत्र्यासाठी खड्डा खणणे हे राजेरजवाड्यांच्या लहरीपेक्षा पुष्कळच जुने आहे.

जपानातल्या हाचिकोची गोष्ट आता आपल्या मुलांनाही ठाऊक असते. धनी १९२५ साली वारला तरी तो टोकियोच्या शिबुया स्टेशनवर रोज वाट पाहत राहिला आणि १९३५ च्या मार्चमध्ये मेला. त्याचा काशाचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ साली उभा राहिला. तो युद्धात धातू हवा म्हणून वितळवला गेला आणि १९४८ मध्ये नवा बसवला. काळीचा दगड त्या मानाने नशीबवान. दगडाच्या तोफा होत नाहीत.

आमच्या रामफळाखालच्या दगडावर कसलीही अक्षरे नव्हती, आणि आता तो दगडही नाही. वाडा आम्हा दोघा भावांचा. भिंती फुगल्या, कौले गळू लागली, तिथे राहणारे कोणी उरले नाही. धाकट्या भावाने दोन वर्षे समजूत घातल्यावर इमारत बांधायला देण्याच्या कागदावर मी सही केली. नकाशात पाहिले तर रामफळाच्या जागी पाण्याची जमिनीखालची टाकी होती. बांधकामावरच्या तरुण इंजिनियरला मी जरा भीत भीत विचारले, टाकी चार फूट सरकवता येईल का? त्याने कारण विचारले. सांगितले. तो हसला नाही, ही त्याची सज्जनता. पण टाकी सरकली नाही.

म्हणून गेल्या वैशाखात, पाडकाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघे म्हातारे कुदळ घेऊन परसात गेलो. भाऊ खणत होता, मी माती बाजूला करत होतो. थोडी हाडे निघाली, पट्ट्याचे एक गंजके बक्कल निघाले, आणि एक इवलासा जबडा, तो चिंगीचा असणार. बाकी काही ओळखता येईना. भाऊ म्हणाला, "दादा, यातला मोत्या कुठला?" पन्नास वर्षे इतिहास शिकवून मला ते सांगता आले नाही. नवे धोतर नेले होते. सगळे एकत्रच त्यात बांधले आणि नदीकाठच्या आमच्या शेताच्या बांधावर, आंब्याखाली, पुन्हा खड्डा करून ठेवले. मीठही नेले होते. पाथरवटाला एक लहान दगड सांगून ठेवला आहे. त्याला तीन नावे लिहून दिली तेव्हा त्याने वाचून विचारले, "आडनाव काय घालायचं?" आमचेच घाल म्हणालो.

माती ओढण्याआधी मी खिशातून बिल्ला काढला. तो मोत्याबरोबर जावा असे मनात होते, म्हणूनच नेला होता. हातात घेऊन उभा राहिलो, आणि ठेवता येईना. तीन कुत्र्यांपैकी एकाचा तो एकुलता एक कागद, आणि तो मी जमिनीत पुरायचा?

"हा तुझ्याकडे कसा?" भावाने विचारले. मोत्या गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला फक्त पांढरी शेपटी आठवते.

मग आम्ही बांधावर बसलो आणि त्याला किल्ल्यापासून सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर उठला आणि एकट्यानेच उरलेली माती ओढली.

बिल्ला माझ्या टेबलावर आहे. क्रमांक ११२, साल १९६१.